दोन पावलं बाहेर

सामन्याच्या दिवशी सकाळी सिनेमा लागायचा म्हणजे लागायचाच. घरात पाहुणे असोत, नळ गळत असो, कोणी तापानं फणफणलेलं असो, अकरा वाजले की पंच दाढी करून, इस्त्रीची पांढरी पँट खुर्चीच्या पाठीवर टाकून टीव्हीसमोर येऊन बसत. बायकांच्या हॉकी सामन्यांत ते शिट्टी घेऊन उभे राहत, म्हणून त्यांना सगळेच पंच म्हणत. भाजीवाला म्हणे, शेजारपाजारचे म्हणत, आणि लग्नाला तीस वर्षं होऊन गेल्यावर बायकोच्याही तोंडून कधीमधी तेच निघून जाई. पोटासाठी ते कुलपं दुरुस्त करत नि किल्ल्या कापून देत. पण कोणी 'अहो कुलूपवाले' अशी हाक मारली तर त्यांना ती ऐकूच जात नसे.

सिनेमा एकच. मिठागरावर राबणाऱ्या मुली, त्यांना हॉकी शिकवणारा, शाळेनं काढून टाकलेला घंटेवाला, मोडक्या वल्ह्यांच्या लाकडातून तासलेल्या स्टिका, खारानं भेगाळलेले पाय, आणि अगदी शेवटच्या क्षणाला एका काटकुळ्या मुलीनं मारलेला गोल. बावीस वर्षांपूर्वी पंचांनी तो थेटरात ओळीनं अकरा दिवस पाहिला होता. थेटराचा दारवान शेवटी म्हणाला होता, "तिकीट कशाला काढता, आत झाडूच घ्या हातात." तेव्हापासून घरात त्याला नाव नव्हतं. नुसतं 'आपला सिनेमा'.

त्या शेवटच्या गोलात मात्र एक खोट होती. हॉकीत गोलपुढच्या अर्धगोलात, म्हणजे डीच्या आत येऊन मारलेला चेंडूच गोल धरतात. आणि सिनेमातली ती पोरगी डीच्या रेषेबाहेरून, चांगली दोन पावलं बाहेरून मारायची. बघणाऱ्या हजारोंना त्याचं काही नव्हतं. पंचांना होतं. दर वेळी ते ताडकन उठत, हात आडवा करून ओरडत, "बाहेरून! दोन पावलं बाहेर! गोल नाही!" आणि पुढच्याच क्षणी घंटेवाला गुडघ्यावर बसून रडायला लागला की यांचेही डोळे वाहायला लागत. "जाऊ दे," म्हणत, "दिला. आज दिला." बावीस वर्षं दर वेळी नवा गुन्हा आणि दर वेळी नवी माफी. पहिल्याच वर्षी त्यांनी सिनेमावाल्यांना चार पानी पत्र पाठवलं होतं, डीची आकृती काढून, मापांसकट. उत्तर काही आलं नाही.

त्या दिवशी चार वाजता अंतिम सामना होता. इस्पितळाच्या नर्सांचा संघ विरुद्ध टपाल खात्याच्या बायकांचा. आणि आदल्याच आठवड्यात लेकीनं सासरहून सिनेमाची नवी, साफसूफ केलेली प्रत पाठवली होती. जुन्या तबकडीवर चरे पडून घंटेवाल्याचं नाक उडालं होतं म्हणून.

सुरुवातीला काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. 'या प्रतीत काही दृश्ये नव्याने जोडली आहेत.' बायकोनं ती वाचली. ती शेंगा निवडत बसली होती. पंच म्हणाले, "ही अक्षरं कशाला दाखवतात? खेळ सुरू करा." आणि पहिली घंटा वाजल्याबरोबर मांडीवर थाप मारून म्हणाले, "काय स्वच्छ झालंय गं!"

दोन तास नेहमीसारखे गेले. संवाद ते पात्रांच्या अर्धा श्वास आधी म्हणत. शेवटचा क्षण आला. काटकुळी पोरगी उजवीकडून सुसाट निघाली, चेंडू पुढे घेतला, डीची पांढरी रेषा ओलांडली, आणखी दोन पावलं आत गेली आणि मग मारला.

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. रेषा पोरीच्या टाचेमागे लख्ख दिसत होती. लगेच तेच दृश्य संथ करून पुन्हा दाखवलं. टाच, मागे रेषा, मधे हातभर मोकळी जमीन.

पंच ताडकन उठले. हात आडवा केला. "बाहेरून! दोन पावलं बाहेर! गोल नाही!"

आणि मग खाली बसून, डोळे पुसत, "जाऊ दे. आज दिला."

तिनं टीव्हीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. टीव्ही त्यांच्यापासून चार हातांवर होता.

"किती बाहेर होता?" तिनं विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"किती म्हणजे? कायमची दोन पावलं. रेषा तिच्या पुढे दिसत नाही का?"

हातातली शेंग तिनं खाली ठेवली. आणि मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर येऊन बसू लागली. चहा ओतताना कपाच्या काठावर ठेवलेलं बोट. जिना उतरताना ओठांतल्या ओठांत मोजणं. ओळखीच्या माणसानं आधी हाक मारेपर्यंत रस्त्यात सरळ पुढे जाणं, त्यावर "पंचांना हल्ली शिंगं फुटलीत" असं लोकांचं म्हणणं. दुकानात काही कळायला मार्गच नव्हता. कुलपाच्या पोटात काय बिघडलंय ते डोळ्यांना नाहीतरी दिसत नाही, बोटांनाच कळतं. वर्तमानपत्र बंद केलं ते 'सगळ्या त्याच त्या बातम्या' म्हणून. आणि गेल्या महिन्यातला तो सामना! उंच उडालेला चेंडू एका मुलीच्या हनुवटीवर बसला, तीन टाके पडले. शिट्टी आधीच वाजायला हवी होती. घरी आल्यावर पंच म्हणाले होते, "मधे माणूस आला." तिनं विश्वास ठेवला होता. की ठेवायचा ठरवला होता?

जेवताना तिनं दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा "भाजी देऊ?" एवढंच बाहेर पडलं. बोलायला जाणार तरी काय? या माणसाचा आठवडा एका शिट्टीवर उभा होता. सोमवार ते शनिवार ते दुसऱ्यांची दारं उघडत, आणि एका दिवसासाठी बावीस बायका त्यांच्या हाताच्या इशाऱ्यावर थांबत नि धावत. ते काढून घेतलं तर उरतं काय? आणि नाही घेतलं, तर आज कोणाची हनुवटी, कोणाचा डोळा?

निघताना ते बुटाच्या नाड्या बांधत होते, मान वर, नजर भिंतीवर.

"अहो, आजच्यापुरतं दुसऱ्या कोणाला उभं केलं तर?"

"का? मला काय झालंय?"

"झालं काही नाही. ऊन फार आहे."

"ऊन मैदानावरच असायचं. हॉकी काय आता स्वयंपाकघरात खेळायची?" ते हसले, शिट्टीची दोरी गळ्यात घातली. "चल, घड्याळबाई. तुझ्यावाचून भोंगा कोण वाजवणार?"

न बोललेलं ते एक वाक्य तिच्या तोंडात गरम घासासारखं फिरत राहिलं. गिळवेना, टाकवेना.

मैदानावर तिला सगळे घड्याळबाई म्हणत. मधल्या रेषेच्या टोकाला, पत्र्याच्या शेडखाली एक टेबल. त्यावर घड्याळ, गोलांचा तक्ता आणि वेळ संपली की दाबायचा भोंगा. बारा वर्षं ती जागा तिची. पंच दोन असतात, अर्धं मैदान एकाचं, अर्धं दुसऱ्याचं. पलीकडचा अर्धा भाग सांभाळायला बसमध्ये कंडक्टर असलेली एक तिशीची बाई होती. शिट्टी फुंकण्यात तिचा हात कोणी धरला नसता. दिवसभर तेच तर काम. स्पर्धेचे सेक्रेटरी दातांचे डॉक्टर. ते टेबलाजवळ येऊन म्हणाले, "काय वहिनी, आज पंच खूश दिसतात! सिनेमा झाला वाटतं?"

सांगायचं तर आत्ताच. हा माणूस समजूतदार, आवाज न करता बदल करील. तिनं ओठ ओले केले.

"झाला," ती म्हणाली.

डॉक्टर गेले. सामना सुरू झाला.

तिनं आयुष्यात एवढं निरखून खेळ कधी पाहिला नव्हता, आणि खरं तर ती खेळ पाहतच नव्हती. ती फक्त नवऱ्याकडे बघत होती. आणि बघता बघता तिला कळत गेलं की हा माणूस कानांनी पंचगिरी करतोय. स्टिकेला चेंडू लागला की टक्क असा कोरडा आवाज येतो, पायाला लागला की ठप्प. ठप्प झालं की ते बरोबर शिट्टी देत. मुलींच्या माना वळल्या की त्यांचा हात वळे. सगळं अर्धा श्वास उशिरा. सिनेमातले संवाद अर्धा श्वास आधी, आणि हे अर्धा श्वास नंतर. न माहिती असलेल्याला वाटावं, किती शांत पंच आहे!

पहिल्या भागात गोल झाला नाही. मध्यंतराला कंडक्टर पाण्याची बाटली घ्यायच्या निमित्तानं टेबलापाशी आली.

"काकू, एक विचारू? आज मी तीनदा काकांच्या हद्दीत शिट्टी मारली. चुकून नाही, मारावी लागली. एरवी त्यांनी माझी सालटं काढली असती. आज एक शब्द नाही."

"असं?"

"बरं नाहीये का त्यांना?"

घड्याळबाईनं आयुष्यात खोटं बोलल्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजता आले असते. "ऊन लागलं असेल," ती म्हणाली, आणि आणखी एक बोट मुडपलं.

कंडक्टरनं तिच्याकडे क्षणभर पाहिलं. दिवसभर तिकीट नसलेल्यांचे चेहरे वाचणारी बाई ती. बाटली उचलून गेली.

दुसऱ्या भागात बाजू बदलल्या. टपालवाल्यांनी लगेच एक गोल केला, तो कंडक्टरबाईच्या भागात, निर्विवाद, आणि मग नर्सा पंचांच्या भागावर चाल करू लागल्या. एक गोल मागे असल्यामुळे जिवावर उदार होऊन खेळत होत्या. पहिला पेनल्टी कॉर्नर मिळाला. हा प्रकार सगळ्यात धोक्याचा: चेंडू वेगानं आत येतो, एकजण तो ताडकन गोलावर मारते, आणि चार मुली त्याच्या अंगावर धावून जातात. घड्याळबाईचा हात भोंग्यावर गेला. दाबावा का? वेळ संपायच्या आत भोंगा वाजवणं म्हणजे सगळ्यांसमोर बोभाटा. चेंडू आत आला, फटका बसला, चेंडू उसळला आणि रेषेवरच्या टपालवालीच्या कानापाशी सूं करत निघून गेला. तिनं डोकं खाली घातलं म्हणून वाचली. शिट्टी वाजली ती चेंडू जाळीमागच्या भिंतीवर आपटल्यानंतर.

"पंच, झोपलात का?" कोणीतरी ओरडलं. लोक हसले.

तिचा हात भोंग्यावरून निघेना आणि दाबेनाही. मनातल्या मनात तिनं हात जोडले. एवढा निभावून ने, मी स्वतः सांगते, घरी गेल्याबरोबर सांगते.

तीन मिनिटं उरली होती. नर्सांची एक बुटकी, चपळ आघाडीवाली उजवीकडून निघाली. दिवसा रोग्यांना सुया टोचते म्हणून सगळ्या तिला 'सुई' म्हणत. एकीला चकवलं, दुसरीला चकवलं, डीच्या रेषेपाशी आली आणि धावता धावता मारला. गोलकीपर आडवी झाली. चेंडू जाळीत.

नर्सा एकमेकींच्या गळ्यात पडल्या. टपालवाल्या हात वर करून धावल्या, "बाहेरून! बाहेरून मारलाय!" आणि मग सगळं मैदान गप्प होऊन एकाच माणसाकडे वळलं.

पंच शिट्टी ओठांत धरून उभे होते. फुंकत नव्हते. या वेळी आवाजातून काही कळण्यासारखं नव्हतं. स्टिकेला लागला हे खरं, पण रेषेच्या कुठल्या बाजूला? रेषेला आवाज नसतो. माना वळल्या होत्या त्या त्यांच्याच दिशेनं. त्यांनी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. मग हातानं 'वेळ थांबवा' अशी खूण केली आणि सरळ टेबलाकडे चालू लागले. तिनं त्यांचे ओठ पाहिले. ते पावलं मोजत होते.

ते टेबलावर वाकले, जणू घड्याळ तपासताहेत.

"बाहेरून होता का गं?" अगदी हळू. "तू बघितलंस ना?"

"नाही," ती म्हणाली. "मी चेंडूकडे बघतच नव्हते. तुमच्याकडे बघत होते."

त्यांच्या कपाळावरून घामाची धार उतरली. ती पुसायला हात वर गेला नाही.

"सकाळचा मात्र आतून होता," ती म्हणाली.

"कुठला सकाळचा?"

"सिनेमातला. बदललाय त्यांनी. दुसरं चित्र घातलंय. रेषा तिच्या टाचेमागे होती, हातभर मागे. दोनदा दाखवलं."

मागे कोणीतरी शीळ घातली. "निकाल द्या हो पंच, चूल पेटवायची आहे घरी!" पंच तसेच वाकलेले राहिले. टेबलाच्या कडेवरून त्यांची बोटं फिरत होती, कुलपाचं भोक शोधावं तशी.

"तेव्हा का नाही बोललीस?"

तिनं थांबलेल्या घड्याळावरची वेळ उगाचच पुन्हा वाचली.

ते सरळ झाले. कंडक्टरला हाक मारली, दोन्ही कर्णधारांना बोलावलं, आणि शेडखाली, तिच्या समोरच, नेहमीच्या पंचाच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "मला दिसलं नाही."

"दिसलं नाही म्हणजे?" नर्सांची कर्णधार म्हणाली. "तुम्ही दहा पावलांवर होता, काका!"

"दहा पावलांवर होतो आणि दिसलं नाही. बरेच दिवस दिसत नाहीये. बाई, तुम्ही पाहिलंत?"

कंडक्टरचा चेहरा उतरला. "मी पार मधल्या रेषेवर. खोटं कशाला सांगू, मला नाही सांगता येणार."

दोन पंचांपैकी कोणीच न पाहिलेला गोल देता येत नाही. आणि नियमात 'आज दिला' असं कलमही नाही. पंचांनी गळ्यातली शिट्टी काढली, दोरी नीट गुंडाळली आणि डॉक्टरांनी पुढे केलेल्या हातात ठेवली. हात कुठे आहे हे त्यांना डॉक्टरांच्या खाकरण्यावरून कळलं. नर्सांची कर्णधार रडवेली झाली होती. "वर्षभर पाळ्या बदलून बदलून सराव केलाय आम्ही," ती म्हणत होती, "वर्षभर." पंच मान खाली घालून ऐकत राहिले. सबब सांगितली नाही. ऊनही नाही, मधे आलेला माणूसही नाही.

डॉक्टर मैदानात उतरले. दोन्ही संघांच्या एकेकीला समोरासमोर उभं करून, स्टिकेवर स्टिक टेकवून खेळ पुन्हा सुरू झाला. पंच तिच्या शेजारच्या स्टुलावर बसले. बारा वर्षांत पहिल्यांदा.

"कुठे आहे चेंडू?" त्यांनी विचारलं.

"मधे. टपालवाल्यांकडे. आता सुईनं काढून घेतला. निघाली. अडवली तिला."

"पायावर?"

"नाही, स्टिकेवर."

"हं. तसाच आवाज आला."

तीन मिनिटं ती सांगत राहिली. मग घड्याळ शून्यावर आलं आणि तिनं भोंगा दाबला. टपालवाल्या जिंकल्या, एक-शून्य.

पाणी प्यायला सगळ्या शेडखाली आल्या. सुई शेवटी आली. बाटली तोंडाला लावली, खाली ठेवली आणि घड्याळबाईला म्हणाली, "आतून मारला होता मी. देवाशपथ."

"असेल, बाळा," ती म्हणाली. याहून जास्त बोलली असती तर तिला रडू फुटलं असतं. सकाळी एक वाक्य बोलली असती, तर त्या जागी धडधाकट डोळ्यांचं कोणीतरी उभं असतं आणि या पोरीचा गोल एकतर गोल ठरला असता, नाहीतर नसता. आता तो जन्मभर मधल्यामधे लोंबकळत राहणार होता.

घरी येताना पंचांनी तिचा दंड धरला. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. जिना दोघांनी मिळून मोजला.

दिवेलागणीला ते म्हणाले, "लाव तो. शेवटचाच भाग."

तिनं लावला. ती पोरगी धावायला लागली.

"सांग."

"उजवीकडून येतेय. मान खाली आहे. चेंडू पुढे टाकला. रेषेला आली."

"ओलांडली?"

"ओलांडली. एक पाऊल. दुसरं पाऊल. आता मारतेय."

पंच उठले नाहीत. हात खुर्चीच्या दांड्यावरच राहिले. टीव्हीत घंटेवाला रडत होता.

"म्हणजे पत्र पोचलं तर," ते म्हणाले. मग नाक ओढून, "पण एक सांगू? बाहेरूनच बरा होता. मी ओरडायचो आणि मग माफ करायचो. आता माफ कोणाला करायचं?"

"मला करा," ती म्हणाली.

पडद्यावर नावं सरकू लागली होती. बारीक अक्षरांच्या ओळीच्या ओळी.

"शिट्टी माझ्या गळ्यात होती," शेवटी ते म्हणाले. "तुझ्या नाही. माझे डोळे गेले ते मला सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं." मग हात पुढे केला, चाचपडत, आणि तिचं मनगट सापडल्यावर धरून ठेवलं. "उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे चल. जे काय निघायचं ते निघू दे. आणि त्या सुईच्या इस्पितळातच जाऊ. भेटली तर तिच्यासमोर उभा राहतो."

"बरं."

"आता पहिल्यापासून लाव, घंटेपासून. त्यांनी आणखी काय काय बदललंय ते सांगत जा. आणि हे बघ..."

"काय?"

"मधेच गप्प बसू नकोस."